बातमी देणारा आप्त असतो का?

करडीत बसून रेडिओ-टीव्हीवाल्यांच्या कर्तव्याविषयी बोलायचं, तर आम्हाला आपल्याच मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीपासून सुरुवात करावी लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भैयालाल भोतमांगे वाचले. हल्ला त्यांनी पाहिला होता आणि ते सांगतही होते. तरी महिनाभर मोठ्या वाहिन्यांनी जवळपास दखल घेतली नाही. सुरुवातीला जी माहिती फिरली, ती ‘अनैतिक संबंधांवरून गावाचा उद्रेक’ अशी. नोव्हेंबरात नागपूर-अमरावतीला लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे कॅमेरे वळले.

आता बघा, न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं. पण तो आप्ताचा शब्द हवा. आप्त कोण? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो, ज्यानं वस्तू स्वतः जाणली आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. ऋषी, आर्य, म्लेच्छ, सगळ्यांना लक्षण एकच. म्हणजे सांगणाऱ्याची जात बघायची नाही, त्यानं पाहिलं का, ते बघायचं.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. ऐकीव गोष्टीला आप्तवाक्याचा मान मिळाला आणि पाहणारा दाराबाहेर राहिला. उशिरा पोचण्यापेक्षा ही चूक मोठी. निवेदकाचा आवाज गोड असो की चढा, ‘हे आम्ही पाहिलं, हे अमक्यानं सांगितलं’ एवढा फरक त्यानं केलाच पाहिजे. तो करत नसेल, तर विचारायचं काम आपलं.