‘बायकी’ रंगाची जात

रंगाला लिंग नसते. ते समाज देतो, आणि आपला समाज जे काही देतो ते उतरंड लावूनच देतो. जातीच्या उतरंडीविषयी आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले, ते आवश्यकच होते. परंतु ‘अमुक रंग बायकी, पुरुषाने तो अंगाला लावू नये’ या साध्या दिसणाऱ्या संकेताची जातीशी असलेली सोयरीक आपण फारशी तपासलेली नाही. ‘नटरंग’ आणि ‘जोगवा’ या दोन कलाकृतींच्या निमित्ताने ती तपासावी, असे मला वाटते.

प्रथम ‘बायकी रंग’ ही कल्पनाच पाहू. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे एखादा मुलगा गुलाबी सदरा घालून आला की मागच्या बाकावरून ‘बायल्या’ असा शब्द येतो. हा शब्द उच्चारणारी मुलेच निवडणुकीच्या निकालादिवशी गुलालात नखशिखान्त न्हालेली असतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सगळा डोंगर गुलाबी होतो. लग्नात सासरे आणि मामे गुलाबी फेटे बांधून मिरवतात. तेथे कुणाचेही पौरुष डागाळत नाही. ‘मुलींना गुलाबी, मुलांना निळा’ ही वाटणी ज्या अमेरिकेतून आपल्या बाजारात आली, तेथेही १९१८ साली मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी नियतकालिकाने नेमके उलटे सांगितले होते. गुलाबी ठसठशीत म्हणून मुलग्यांचा, निळा नाजूक म्हणून मुलींचा! आजची वाटणी १९४० नंतर हळूहळू पक्की झाली आणि त्यात कपडे विकणाऱ्यांची सोय होती. याचा अर्थ स्पष्ट आहे. विजय, देव आणि मान पाठीशी असला की गुलाबी मर्दानी ठरतो. यातले काहीच पाठीशी नसले की बायकी. ज्याच्या अंगावर तो रंग आहे त्याचे सामाजिक बळ किती, यावर लाज ठरते.

हे सूत्र मराठी रंगभूमीला लावून पाहावे. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७) यांची कीर्ती त्यांच्या स्त्रीभूमिकांवर उभी राहिली. त्यांच्या भरजरी शालूंचे कौतुक झाले, प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याची ढब उचलली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या गुणवत्तेबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. पण तमाशाच्या बोर्डावरही पुरुष साडी नेसत होता, लुगड्याचा पदर खोचून लचकत होता. त्याची कला कुणी मोजली? ‘नाच्या’ हा शब्द मात्र गावोगाव शिवी म्हणून रुळला. मराठी चित्रपटांत नाच्याची भूमिका गाजवणाऱ्या गणपत पाटलांना पडद्यावरचा हा शिक्का खासगी आयुष्यातही सोसावा लागला. शालू तेवढा कलेचा आणि लुगडे चाळ्यांचे, हा न्याय सौंदर्यशास्त्राचा नाही. तो पंगतीचा न्याय आहे.

‘नटरंग’ ही मुळात आनंद यादवांची कादंबरी. रवी जाधवांचा चित्रपट २०१० चा. कसलेल्या शरीराचा शेतमजूर गुणा तमाशाचा फड उभारतो. नाच्याशिवाय फड नाही म्हटल्यावर आणि कुणीच तयार होत नाही म्हटल्यावर स्वतः नाच्या होतो. त्यानंतर टिंगल, घरच्यांचे दुरावणे आणि अखेर त्याच्या शरीरावरचा पाशवी अत्याचार. हातावर पोट असलेल्या माणसाला कलेची भूक असते आणि तिची किंमत त्याला अंगावर मोजावी लागते, हे या कृतीने ठामपणे मांडले. तिचे मोल तेथे आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. चित्रपट गुणाचे पैलवानी शरीर आधी डोळेभरून दाखवतो आणि हा आतून मर्दच आहे अशी प्रेक्षकाची खात्री पटवतो. आपली सहानुभूती या खात्रीवर उभी राहते. अज्ञातवासातील बृहन्नडेकडे आपण असेच पाहतो. लुगड्याआड अर्जुन आहे हे ठाऊक असल्यामुळे कुणी हसत नाही. मग ज्या नाच्याच्या मागे ना पैलवानी देह आहे ना गांडीव, त्याच्यावर झालेला अत्याचार काय कमी अत्याचार? आणि नवरा ‘बाईसारखा’ झाला म्हणून गावाने हसावे, तर जी बाईच आहे त्या गुणाच्या बायकोची गावाच्या लेखी किंमत काय? हा प्रश्न ‘नटरंग’ विचारत नाही.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘जोगवा’ (२००९) याहून अवघड जागी हात घालतो. देवीचा कौल म्हणून तायप्पाला साडी नेसवली जाते, हातात हिरवा चुडा येतो, कपाळी भंडारा. हा रंग त्याने निवडलेला नाही. गावाने आणि देवीच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेने तो त्याच्यावर लादला. म्हणून तो साडी टाकतो तेव्हा आपण त्याच्या बाजूने उभे राहतो आणि राहिलेच पाहिजे. पण तेथे मुक्ती कशापासून, हे नेमके सांगणे समीक्षेचे काम आहे. मुक्ती सक्तीपासून आहे. ती साडीपासून आहे असे समजलो, तर जोगतिणीच्या अंगावरच्या साडीला आपण कायमची बेडी ठरवू. उद्या कुणी राजीखुशीने साडी नेसली, तर तिच्यावर हसणाऱ्यांत आपणही असू.

आता थोडे आपल्या घरात पाहू. अधिकारी काम करीत नाही म्हणून मोर्चा काढायचा आणि त्याला साडीचोळी व हिरव्या बांगड्यांचा आहेर करायचा, ही पद्धत महाराष्ट्रातील सर्व रंगांच्या पक्षांत आहे. आपले कार्यकर्तेही तिच्यात मागे नाहीत. हा विद्रोह आहे काय? माझ्या आईने बांगड्यांच्याच हातांनी खडी फोडून मला पदवीपर्यंत पोचवले. ते हात नेभळटपणाची खूण म्हणून चव्हाट्यावर मांडायचे आणि वर समतेची घोषणा द्यायची, हा विसंवाद आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. वस्त्राने माणसाची पायरी दाखवायची, हीच ती रीत. बांगड्यांचा आहेर तिचेच अनुकरण करतो.

आपली परंपरा वेगळी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण व दागिने टाकायला सांगितले. वस्त्र हा गुलामीचा दाखला असतो, हे त्यांनी ओळखले होते. धम्मस्वीकारानंतर आपल्या लग्नांत वधू आणि वर दोघेही पांढऱ्या वस्त्रांत उभे राहू लागले. ज्या पांढऱ्याला जुन्या व्यवस्थेने विधवेचा रंग ठरवले होते, त्याला आपण मंगल केले आणि स्त्रीपुरुषांत सारखे वाटून घेतले. भीमजयंतीला निळी साडी आणि निळा फेटा एकाच मिरवणुकीत चालतात. तेथे निळा ना बाईचा असतो ना पुरुषाचा.

एवढा वारसा हाताशी असताना आपल्या मुलांनी गुलाबी सदऱ्याला घाबरावे, हे नामुष्कीचे आहे. सुरुवात लहान गोष्टीपासून करता येईल. पुढच्या मोर्च्यासाठी बांगड्या विकत आणायची सूचना कुणी मांडली, तर त्या बैठकीत बसलेल्या आपल्या बहिणींना आधी विचारावे, आणि त्या काय म्हणतात ते इतिवृत्तात लिहावे.