रेणापूरच्या भिंतीवरील मॉरिस

रेणुकामातेच्या दर्शनास रेणापुरास गेलों असतां आमच्या एका स्नेह्यांकडे उतरण्याचा योग आला. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर, वडिलांच्या तसबिरीशेजारीं, एक नवें चित्र लागलें आहे. इंग्लंडांत नोकरीस असलेल्या चिरंजिवांनीं तें पाठविलें. चित्रांत एक मोटार असून तिच्या पाटीवर 'एमएच २४' या लातूरच्या अक्षरांनीं आरंभ होणारा घरच्या जुन्या गाडीचा क्रमांक, व खालीं कुटुंबाचें आडनांव आहे. विलायतेंत अशीं चित्रें हौसेनें घेतलीं जातात. गिऱ्हाइकानें गाडीचा नमुना, रंग व क्रमांक कळवावा, आणि चित्रकारानें आधींच सिद्ध असलेल्या आकृतींत तेवढे फेरफार करून छापून द्यावें, अशी ही रीत. ही कला कीं व्यापार, हा वाद आम्हांस घालावयाचा नाहीं. परंतु जें वडिलांच्या शेजारीं टांगलें जातें, त्याची परीक्षा झाली पाहिजे.

रेखाटन उत्तम आहे, हें प्रथमच सांगतों. टपावरून मागें उतरत जाणारा बाक चित्रकारानें एका दमांत साधला आहे, आणि पुढील चाकावरील फुगवटा तर हात फिरवावासा वाटेल इतका हुबेहूब उतरला आहे.

मात्र ही गाडी त्या घरची नव्हे. घरची होती अँबॅसिडर. नमुन्यांच्या यादींत ती नव्हती, म्हणून मुलानें मॉरिस ऑक्सफर्ड निवडली. यांत त्याचें फारसें चुकलें असें नाहीं. काउलीच्या कारखान्यांतील तिसऱ्या मालिकेची मॉरिस हीच कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें अँबॅसिडर झाली, आणि विलायतेंत तिचे दिवस १९५९ सालींच संपले तरी येथें ती २०१४ पर्यंत निघत राहिली. तोंडावरची जाळी तेवढी बदलली. अंगलोट बहुतांशीं तोच. तेव्हां जाळीच्या भेदासाठीं आम्ही अडून बसणार नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां याच गाडीची मागची बैठक काढून तींत भाकरी आणि घोंगड्या भरून नेल्या होत्या. परततांना डाव्या दारास जो पोचा आला, तो यजमानांनीं शेवटपर्यंत काढूं दिला नाहीं. चित्रांत पोचा नाहीं, धूळ नाहीं, गाडीखालीं जमीनसुद्धां नाहीं. पांढऱ्या कागदावर ती अधांतरीं उभी आहे. 'खास तुमच्यासाठीं' म्हणून जें विकलें जातें, त्यांत खास काय, तर सरकारनें दिलेला क्रमांक! आजींनीं चष्मा लावून तो वाचला, मान डोलावली, आणि विचारलें, "पण आंत कोणीच कसें नाहीं रे?"

याहून नेमकी समीक्षा आम्हांस करतां आली नसती. जत्रेंतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याची मोटार असे. तिच्यामागें उभें राहून सबंध कुटुंब आपली छबी काढून घेई. गाडी उघड खोटी, चाक एक लहान एक मोठें. पण डोळे विस्फारलेलें पोर आणि पदर सांवरणारी आई खरी. या सुबक छापील चित्रांत नेमकीं तींच वगळलीं आहेत.

छापील वस्तु आपली होतच नाहीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. १८९४ सालीं गिरगांवांत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यांतून एकच लक्ष्मी असंख्य घरीं गेली. पण कित्येक ठिकाणीं बायकांनीं तिच्या लुगड्यावर खरी जर शिवली, टिकल्या लावल्या, आणि ती त्या घरची झाली. विलायतेच्या चित्रकारांनीं फेरफारासाठीं दोन-चार जागा अधिक मोकळ्या ठेवल्या, पोचा कोठें होता व पुढें कोण बसे एवढें विचारलें, तरी पुष्कळ साधेल. किंमत थोडी वाढेल. ती देणारे मिळतील असें आम्हांस वाटतें.

खंडेनवमीस या घरीं पूर्वीं गाडीची पूजा होई. गाडी भंगारांत गेल्यावर ती बंद पडली होती. यंदा सूनबाईंनीं तसबिरीच्या कांचेवर, मॉरिसच्या डाव्या दारावर, कुंकवाचें बोट लावलें. तें अजून पुसलेलें नाहीं.