पदं उरली, नाटक कुठे गेलं?

परवा स्वप्नात ‘सौभद्र’ पाहिलं. मखमली पडदा, रंगमंचाच्या पायथ्याशी ऑर्गन, सगळा जुना थाट. कृष्ण आला, पद गाऊन, टाळ्या घेऊन निघून गेला. मग सुभद्रा, मग अर्जुन. संवाद एकही नाही. मधल्या वेळात एक निवेदिका हातातल्या कागदावरून रागाची माहिती वाचत होती आणि पहिल्या रांगेतून ‘वन्स मोअर’ आला तो तिलाच.

जागेपणीही फार वेगळं काय चाललंय? नाट्यगीतांच्या मैफली भरतात. संपूर्ण संगीत नाटक मात्र शोधावं लागतं.

मराठी नाटक सुरू करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या पौराणिक खेळात गाण्याचा भार सूत्रधारावर असे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ झालं आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी गाणं पात्रांच्या तोंडी दिलं. मराठी संगीत नाटकाचा जन्म तो हाच. निवेदकाच्या हाती सगळं सोपवून आपण पुन्हा भाव्यांच्या काळात निघालोय, आणि तिथली राक्षसांची आरडाओरडही आता नाही.

रुक्मिणी रुसलेली असते तो किर्लोस्करांच्याच ‘सौभद्र’मधला प्रवेश घ्या. कृष्ण आधी बोलून पाहतो. बोलणं थकतं तेव्हा ऑर्गनवर हळूच सूर लागतो, आणि त्याच लाडीगोडीच्या स्वरात पद सुरू होतं. नट इथे प्रेक्षकांकडे वळून गायला लागला की संपलं. त्याने रुक्मिणीकडेच बघत गायचं असतं. मैफलीत रुक्मिणीच नसते, मग समजूत कोणाची काढायची?

दोष सगळा आजच्यांचा नाही. बोलपटाने संगीत नाटकाचं कंबरडं मोडलं हे खरंच, पण बालगंधर्वांच्या अमदानीतच ‘वन्स मोअर’ने प्रयोग पहाटेपर्यंत लांबायचे आणि कथा दारात ताटकळायची. त्या गायकीपुढे तक्रार करायची कुणाची छाती होती म्हणा! शिलेदार मंडळींनी पुढे वर्षानुवर्षं जुनी नाटकं नाटकं म्हणूनच उभी केली, ते ऋण मोठं.

‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) टिकलं, कारण तिथे गाणं हाच भांडणाचा विषय. २०१५च्या चित्रपटालाही तरुण आले ते त्या भांडणासाठी. ‘संगीत देवबाभळी’तही तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रुक्मिणी यांच्या बोलण्यातूनच गाणं उगवतं. प्रेक्षक नाही, ही ओरड म्हणून मला पटत नाही. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकरी आजही रात्र जागवून संगीत नाटक करतात. काहींचा सूर ढळतो, काहींच्या मिशा सुटतात, पण प्रवेश पुरा होतो.

आयोजकांना एकच विनंती. वीस पदांच्या मैफलीऐवजी एक अंक करा. पदं निम्मी करा, ताना आवरा. पदाआधीचा संवाद मात्र कापू नका.