नावेत बसायचे कपडे

नाटकाचं परीक्षण करणारे पुष्कळ आहेत. पण सहलीला निघालेल्या मंडळींच्या पोशाखाचं परीक्षण कुणी करीत नाही. ही उणीव आज मी भरून काढणार आहे. प्रयोगाचं स्थळ, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळचा गोसीखुर्दचा जलाशय. या धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि पाणी अडायला पुढे दोन दशकं गेली. त्या मानाने आमची सहल झटपट निघाली. तीन आठवडे चर्चा झाली, तीही जायचं की नाही याची नव्हे. नेसायचं काय याची.

सौभाग्यवतींनी कोशाची साडी काढली. ‘भंडारा जिल्ह्यात राहायचं आणि कोसा नेसायचा नाही?’ हा मुद्दा बिनतोड होता. फक्त नावेत चढताना एक हात निऱ्यांना, एक पदराला आणि एक पर्सला, असे तीन हात लागतात, हे तिथे गेल्यावर कळलं. भाचीची जीन्स घट्ट आणि झोकदार. पण भिजली की तिचं ओलं पोतं होतं आणि ते दिवसभर वाळत नाही. मेहुण्यांचे चामडी बूट ओल्या फळीवर असे घसरले की ते थेट माझ्या मांडीवर स्थानापन्न झाले. मी स्वतः रुंद काठाची, सिनेमातल्यासारखी टोपी घातली होती. बंद नसलेल्या टोपीचं वाऱ्याशी जमत नाही. पहिल्याच झुळुकीला ती वैनगंगेने ठेवून घेतली आणि वरून ऊन, खालून पाण्याची तिरीप, असा मी दोन्ही बाजूंनी भाजू लागलो.

नावाड्याचा पोशाख तेवढा निर्दोष. सुती सैल सदरा, अर्धी चड्डी, अनवाणी पाय आणि डोक्याला घट्ट दुपट्टा. दुपट्ट्याने ऊन अडतं, घाम पुसता येतो आणि गार वारा सुटला की कानही झाकता येतात.

अजून काठावरच होतो, तेव्हा त्याने लाइफ जॅकेटं पुढे केली. भडक नारिंगी रंग, त्यात मासळीचा वास! कोसा चुरगळेल, फोटो बिघडेल, अशी एकमुखी तक्रार झाली. परीक्षक म्हणून मीही रंगसंगतीवर प्रतिकूल मत दिलं.

नावाडी शांतपणे म्हणाला, ‘साहेब, पाण्याले कोसा काय अन् कॉटन काय, सारखंच. हे घाला, नाही त नाव हालत नाही.’

तो ढिवर समाजाचा. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळण्याचं काम विदर्भात याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलं. कोशाची किंमत त्याला आम्ही काय सांगणार? मला १८ डिसेंबर २०२४ आठवला. त्या दिवशी गेटवेहून घारापुरीला निघालेली लाँच नौदलाची बोट आदळून बुडाली. तिच्यातल्या कितीतरी प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. मी मुकाट्याने पट्टे आवळले.

सौभाग्यवतींनीही रोवणीच्या बायांसारखी साडी वर खोचली, पदर कमरेला गुंडाळला आणि वरून जॅकेट चढवलं. तेव्हा कुठे तिचे दोन्ही हात मोकळे झाले.

फोटोत आम्ही सगळे नारिंगी, एका वाफ्यातल्या झेंडूसारखे दिसतो. पण सगळे आहोत. हल्ली सौभाग्यवती कोशावर नारिंगी रंग कसा चढतो, याची चौकशी करीत असतात.