डोंगर, बंदर आणि परतीची वाट : मराठी कथात्म साहित्यातील स्थलनिवडीचा विचार

१

डोंगरावरील लहान वस्ती आणि समुद्रकाठचे महानगर यांपैकी एकाची निवड माणसास करावी लागते, हा मराठी कथात्म साहित्यातील एक जुना आणि वारंवार येणारा प्रसंग आहे. पदव्युत्तर वर्गांत या प्रसंगाचे जे विवेचन होते, त्याचा साचा आता जवळजवळ ठरून गेला आहे. डोंगराच्या बाजूस निसर्ग, स्थैर्य, जुने नातेसंबंध आणि आत्म्याची शांती मांडावयाची; महानगराच्या बाजूस यंत्र, गर्दी, परकेपणा आणि नीतिभ्रंश मांडावयाचा; आणि लेखकाचा कल पाहून त्या कृतीस 'ग्रामीण' वा 'महानगरीय' अशी चिठ्ठी लावावयाची. या पद्धतीने उत्तरपत्रिका सहज भरते; कृतीचे मर्म मात्र हातचे निसटते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, स्थलनिवडीच्या कथेत लेखकाने कोणते स्थळ पसंत केले हा प्रश्न गौण आहे. मुख्य प्रश्न दोन आहेत. निवड करण्याची मोकळीक पात्राला कोठून मिळाली, हा एक. आणि त्या निवडीची किंमत कोण भरतो, हा दुसरा. ज्या कृतीत या प्रश्नांची उत्तरे कथेच्या घडणीतच उतरलेली असतात, ती कृती श्रेष्ठ. जीत ती झाकली जातात, ती कितीही रमणीय असली तरी अपुरी. ही कसोटी चार-पाच परिचित कृतींना लावून पाहावी, आणि मारेगावसारख्या ठिकाणच्या वाचकाला तिचा काय उपयोग आहे हे शेवटी तपासावे, असा येथे हेतू आहे.

२

गो. नी. दांडेकर यांची 'माचीवरला बुधा' (१९५८) ही या विषयाची सर्वांत निर्मळ कृती होय. मुंबईचे जिणे सोडून एक वृद्ध माणूस राजमाचीच्या माचीवर परततो, झाडे आणि जनावरे यांच्या सोबतीने राहतो आणि तेथेच देह ठेवतो, एवढेच तिचे कथानक. कादंबरीचा सारा जीव माचीवर आहे. तेथील ऋतू, गवत, पाखरे यांना जे लेखन लाभले आहे, त्याच्या तोडीचे निसर्गलेखन मराठीत थोडेच सापडेल. मुंबई मात्र तीत केवळ मागे टाकलेली आहे. ती बुधाने सोडावी म्हणूनच जणू आहे.

यामुळे एक गोष्ट घडते. निवड होण्यापूर्वीच तिचा निकाल लागलेला असतो. ज्या दोन स्थळांमध्ये झुंज व्हावयाची, त्यांपैकी एकालाच लेखकाने देह दिला आहे. बुधाला परतता आले ते कशामुळे, असे विचारले तर उत्तर कादंबरीच्या बाहेर शोधावे लागते. राजमाची ही लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरातील. बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून या डोंगरांतील माणसाला मुंबई हे जाऊन-येऊन राहण्याजोगे ठिकाण झाले. बुधाची माची मुंबईपासून दूर आहे ती मनाने. अंतराने ती जवळच आहे. शिवाय परतल्यावर 'तू येथे राहू नकोस' असे म्हणणारी कोणतीही सीमारेषा त्याच्या पायाशी आखलेली नाही. ज्याला परतीची वाट मोकळी आहे त्याचीच निवड इतकी निर्मळ होऊ शकते. हा कादंबरीचा दोष म्हणावयाचा नाही. ती तिची मर्यादा होय, आणि तिचे सौंदर्य त्या मर्यादेच्या आतले आहे. परंतु या मर्यादित सत्यालाच आपण निवडीचा सार्वत्रिक नियम समजलो, तर तो दोष वाचकाचा ठरतो.

३

त्याच लेखकाची 'पडघवली' (१९५५) या दृष्टीने अधिक अवघड, आणि म्हणून माझ्या मते अधिक मोठी कृती आहे. येथे कथा सांगते ती अंबूवहिनी. गाव सोडणारा येथे नायक नाही. गावात राहिलेली बाई निवेदक आहे. निवेदनाचा हा बदल वरवर तांत्रिक भासतो, पण सारा फरक त्यानेच पडतो. जाणाऱ्याच्या दृष्टीने निवड ही एका दिवसाची गोष्ट असते: त्या दिवशी वळकटी बांधली आणि वाट धरली. राहणाऱ्याच्या दृष्टीने तीच निवड वर्षानुवर्षे चालू राहते. एक दार बंद होते, मग दुसरे. एकेका कामाला माणूस मिळेनासा होतो. सण येतो आणि त्याला पुरेशी माणसे नसतात. दुसऱ्यांनी केलेल्या निवडींचे व्याज अंबूवहिनी फेडीत राहते.

कोकणातून मुंबईस गेलेल्या माणसांची कथा त्यांच्या मनिऑर्डरींनी आणि गणपती-शिमग्याच्या येण्याजाण्याने मोजण्याची आपल्याला सवय आहे. मनिऑर्डरीला दोन टोके असतात. 'पडघवली'त दुसऱ्या टोकाला बसलेल्या व्यक्तीचा आवाज ऐकू येतो. निवडीची किंमत कोण भरतो, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे वेगळे उच्चारावे लागत नाही. सांगणारी कोण, यातच ते आले आहे. गतकाळाविषयी या कादंबरीत हळवेपणा आहे, हे खरे. जुन्या गावातील उच्चनीचतेकडे तिची नजर पुरेशी कठोर नाही, हेही मान्य करावे लागेल. तथापि जमाखर्चाची वही उघडण्याचे धैर्य तिने दाखविले आहे.

४

ही वही पूर्ण उघडली गेली ती दलित साहित्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भारतीय खेड्याच्या गौरवाचा स्पष्ट शब्दांत अव्हेर केला होता. ज्याला गावात पाणवठा नाही, देऊळ नाही, नावावर जमीन नाही, त्याला 'गावी परत जा' असे सांगणे म्हणजे काय, हा प्रश्न त्या भाषणामागे उभा आहे. मराठी समीक्षेने ग्रामजीवनाचा विचार करताना त्याची दखल फार उशिरा घेतली.

दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) हे आत्मकथन मुंबईतील कावाखाना आणि गावचा महारवाडा या दोन ठिकाणांमध्ये विभागलेले आहे. यांतील कोणतेच ठिकाण रमणीय नाही. कावाखान्यात दाटी, दारिद्र्य आणि व्यसने आहेत. गावी मोकळी हवा आहे, पण ती हवा वेशीच्या आतल्यांची. महानगर येथे स्वर्ग म्हणून येत नाही. तेथे जात पुसली जात नाही. फार तर काही काळ ती विचारली जात नाही, आणि गावाच्या मानाने एवढीही सवलत मोठी ठरते. या आत्मकथनाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन रूपांमधील संवाद म्हणून ते उभे आहे. गाव आणि शहर यांतून एकाची निवड करता न आलेला माणूस स्वतःच दुभंगतो, हा आशय त्या रचनेनेच व्यक्त झाला आहे. नारायण सुर्वे यांनी आपल्या संग्रहास 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे नाव दिले, त्यातही हाच विचार दुसऱ्या बाजूने आलेला आहे. परतण्यास गावच नसलेल्या माणसाला महानगर हेच माहेर आणि तेच गुरुकुल.

'माचीवरला बुधा' आणि 'बलुतं' शेजारी ठेवून वाचली म्हणजे दिसते ते असे: बुधाचा डोंगर आणि दगडूचे गाव ही एकाच प्रकारची स्थळे नाहीत. एकाला परतीची वाट आहे, दुसऱ्याला नाही. दोन्हींना 'ग्राम' हा एकच शब्द लावणारी समीक्षा मुळातच फसलेली आहे.

५

आता विदर्भाकडे वळावे. डोंगर आणि बंदर हे द्वंद्व सह्याद्री आणि कोकण यांच्या भूगोलातून आले आहे. गिरण्यांत राबणारा मजूर मुख्यतः कोकणातून आणि घाटावरील जिल्ह्यांतून गेला. म्हणून त्या भागांच्या साहित्यात मुंबई ही नात्याची जागा आहे. वऱ्हाडाचा मुंबईशी संबंध निराळा होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१-१८६५) काळात येथील कापसाला मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद मापाचा मार्ग टाकला गेला तो प्रामुख्याने कापूस वाहून नेण्यासाठी. 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ती गाडी आता बंद पडली आहे. या मार्गांनी मुंबईस गेला तो कापूस; माणूस आपल्या वावरातच राहिला. मुंबईहून परत आला तो कापसाचा भाव.

विदर्भातील कादंबरीचे एक वैशिष्ट्य यातून उलगडते, असे मला वाटते. तीत मुंबई स्थळ म्हणून क्वचितच येते. ती येते दूर कोठेतरी ठरणाऱ्या भावाच्या रूपाने. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये निवड आहे, पण ती डोंगर आणि महानगर यांतील नाही. संसार एका गावाहून दुसऱ्या गावी हलविला तर बरे दिवस येतील, ही कौतिकची आशा. आणि दोन्हीकडे दारिद्र्य तेच. निवडीला अर्थ यावयाचा तर दोन पर्यायांत काही अंतर असावे लागते. कौतिकच्या जिद्दीची शोकांतिका अशी की, ती निवडीचे सारे कष्ट उपसते आणि तिच्यापुढे निवडण्याजोगे काही नसते. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) मध्ये शिकलेला पण नोकरी न लागलेला एकनाथ याच कोंडीचे पुढचे टोक दाखवितो. शिक्षणाने त्याला शेतीपासून दूर नेले आणि शहराने आत घेतले नाही. बुधाला दोन स्थळे होती. एकनाथला एकही पुरते नाही.

दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा (१९१६), म्हणजे चिखलदऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याचा. 'पूर्णामायची लेकरं' लिहून त्यांनी वऱ्हाडाचे ऋण मानले. परंतु परतीची कथा सांगावयाची तेव्हा त्यांनी सह्याद्रीचीच माची निवडली, हे मला अर्थपूर्ण वाटते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, थंड आहे, लहान आहे. पण तेथून मुंबई इतकी दूर की, तेथे परतणाऱ्या गिरणीकामगाराची कथा सहजी विश्वसनीय होणार नाही. परतीच्या कथेलाही भूगोल लागतो.

मारेगावच्या परिसरातील टेकड्यांवर कोलामांचे पोड आहेत. पोडातला माणूस महानगराला विटून तेथे गेलेला नाही. बुधासाठी डोंगर हा विसावा आहे. कोलामासाठी तो चूल, जंगल आणि उद्याची चिंता आहे. 'डोंगर म्हणजे शांती' हे समीकरण शिकून आलेला विद्यार्थी स्वतःच्या तालुक्यातील डोंगर वाचू शकणार नाही.

६

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कादंबरी ही जमाखर्चाची वही नव्हे. किंमत कोण भरतो हे पाहणे समाजशास्त्राचे काम, समीक्षेचे नव्हे, असे म्हटले जाईल. आक्षेप वजनदार आहे, आणि केवळ आशय मोजणाऱ्या समीक्षेला तो लागूही पडतो. पण वर पाहिलेल्या कृतींत किंमतीचा प्रश्न आशयाच्या आधी रूपात उमटला आहे. सांगणारा जाणारा आहे की राहणारा. दोन्ही स्थळांना सारखे आयुष्य दिले आहे की एक केवळ सोडण्यापुरते आहे. निवेदक एकसंध आहे की दुभंगलेला. निवडीनंतरचा काळ कादंबरीत वाहतो की तेथेच थांबतो: हे सर्व प्रश्न रचनेचे आहेत. त्यांची उत्तरे शोधणे हेच समीक्षेचे काम होय. बाहेरची माहिती, मग ती लोहमार्गाची असो वा कापसाची, केवळ कृतीने कोठे मौन धरले आहे ते दाखविण्यास उपयोगी पडते.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचा निर्देश करून हा विचार आवरता घेतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील घरांची जी दशा झाली, ती या नाटकाचा विषय. महानगर निवडलेल्यांच्या पुढच्या पिढीला तेथे अधांतर लोंबकळावे लागले. डोंगर सोडून बंदर निवडणे ही एकदाची कायम गोष्ट नव्हे. निवडलेले स्थळही माणसाला सोडू शकते.

आज मारेगाव, वणी, पांढरकवडा या भागांतून पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी साहित्यातील ही निवड शिकतो, त्याच वेळी ती स्वतःही करीत असतो: गावी परतावे, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यास जावे, की मुंबईत मिळेल ते काम धरावे. त्याला आपण केवळ 'ग्रामीण' आणि 'महानगरीय' असे दोन कप्पे दिले, तर परतल्यास तो स्वतःला पराभूत समजेल आणि गेल्यास अपराधी. दोन्ही भावना साचेबंद वाचनाने पोसलेल्या आहेत. त्याऐवजी प्रत्येक कृतीस, आणि प्रसंगी स्वतःसही, दोनच प्रश्न विचारण्याची सवय त्याला लागावी: ही मोकळीक मला कोणी मिळवून दिली, आणि माझ्या मागे घरात दिवा कोण लावतो? या प्रश्नांनी निवड सोपी होणार नाही. ती प्रामाणिक मात्र होईल, आणि अंबूवहिनीचा आवाज त्याला केवळ परीक्षेपुरता ऐकू येणार नाही.