एकहाती दुकानदार व सक्तीची सैन्यभरती : एक साधनचिकित्सा

पहिल्या महायुद्धाच्या वेळीं इंग्लंडांत सक्तीच्या सैन्यभरतींतून सूट मागणाऱ्यांचे जे अर्ज शिल्लक आहेत, त्यांतील सदसद्विवेकबुद्धीमुळें शस्त्र नाकारणाऱ्यांचे अर्ज अभ्यासकांच्या विशेष परिचयाचे आहेत. वस्तुतः मिडलसेक्स परगण्याच्या अपील-न्यायमंडळाच्या ११,००० हून अधिक प्रकरणांत त्यांचें प्रमाण सुमारें ५ टक्केच आहे. उरलेल्यांत प्रकृति, घरची अडचण व धंदा हीं कारणें येतात. त्यांपैकीं जो आपलें दुकान कुटुंबाच्या साहाय्यानें स्वतःच चालवी, अशा एकहाती धंदेवाल्याचा अर्ज पुरावा म्हणून कसा वाचावा, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

प्रथम कायद्याची संहिता. हा कायदा २७ जानेवारी १९१६ रोजीं संमत होऊन २ मार्चपासून अमलांत आला. आरंभीं तो ग्रेट ब्रिटनमधील १८ ते ४१ वर्षांच्या अविवाहितांस व ज्यांच्यावर मुलें अवलंबून नाहींत अशा विधुरांस लागू होता. मे महिन्यांत तो विवाहितांसही लागू झाला. सुटीचीं कारणें चार : राष्ट्रहिताचें अन्य काम, हाल, शारीरिक असमर्थता व सदसद्विवेकबुद्धीचा विरोध. दुकानदाराचा आधार बहुधा दुसऱ्या कारणाचा. त्याचा आशय असा कीं, असाधारण आर्थिक वा व्यावसायिक जबाबदाऱ्यांमुळें किंवा गृहस्थितीमुळें अर्जदाराच्या जाण्यानें गंभीर हाल व्हावयास पाहिजेत. येथें ‘असाधारण’ हें विशेषण केवळ जबाबदाऱ्यांचें, कीं देहलीदीपन्यायानें गृहस्थितीचेंही, हें वाक्यरचनेवरून ठरत नाहीं. त्याहून मोठी अडचण अर्थाची. मालक गेला कीं दुकान बंद, ही स्थिति एकहाती धंद्यांत साधारणच होय. विशेषण काटेकोरपणें घ्यावें तर अव्याप्ति होऊन ज्याला खरी गरज तोच बाहेर राहतो. सैल घ्यावें तर अतिव्याप्ति होऊन प्रत्येक वाणी, न्हावी व चांभार सुटतो. हा निर्णय गांवोगांवच्या मंडळांवर पडला, आणि त्यांत स्थानिक व्यापारीही बसत. शेजाऱ्याचें दुकान बंद पडल्यानें ज्याचें गिऱ्हाईक वाढावयाचें, तोच न्यायासनावर असण्याचा संभव होता.

दुसरी गोष्ट अर्जाच्या स्वरूपाची. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांतील करीना जसा एका पक्षाचा, तसाच हा अर्ज. उत्पन्न, भाडें, कर्ज यांचे आंकडे सुटण्यासाठीं मांडलेले. समोर लष्करी प्रतिनिधि सैन्यास माणूस मिळविण्यासाठीं बसलेला. उभय पक्षांस मान्य झालेली बाब तेवढी भक्कम समजावी. शिवाय सूट पुष्कळदां कांहीं महिन्यांचीच असे. मुदत सरली कीं तोच मनुष्य पुन्हां उभा राही. म्हणून प्रकरणांची संख्या ती माणसांची संख्या नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. युद्धानंतर थोड्याच वर्षांत सरकारनें हीं दफ्तरें नष्ट करविलीं. नमुन्यादाखल मिडलसेक्सचें व स्कॉटलंडांतील लोदियन-पीबल्सचें अपील-दफ्तर मुद्दाम राखलें. इतरत्र जें उरलें तें योगायोगानें. आतां अपिलास जें प्रकरण येतें तें कोणत्या तरी पक्षास न पटलेलें असतें. ज्या खाटकास गांवच्या मंडळानें सूट दिली व लष्करानें हरकत घेतली नाहीं, त्याचा कागद या गठ्ठ्यांत येण्याचें कारणच नव्हतें. तेव्हां यावरून धंदेवाल्यांपैकीं अमुक टक्के सुटले असा देशव्यापी सिद्धांत काढणें सर्वथा असमर्थनीय होय. मिडलसेक्स हा लंडनला लागून असलेला परगणा. दूरच्या खेड्यांतील लोहाराची स्थिति त्यावरून ठरवूं नये.

मग या दफ्तराचा उपयोग काय? प्रमाणासाठीं नव्हे, प्रकारासाठीं. दुकान कोणाच्या नांवावर, कोणाच्या श्रमावर व कोणाच्या उधारीवर चालतें, हें लिहून देण्याचा प्रसंग लहान दुकानदारावर एरवीं क्वचितच येतो. येथें तो आला. मिडलसेक्सचीं प्रकरणें २०१४ पासून छायाप्रतींच्या रूपानें सर्वांस पाहतां येतात. स्थानिक वर्तमानपत्रांतील सुनावणीच्या हकीकतींशीं तीं ताडून मगच वापरावीं.

आपल्या संग्राहकांनींही यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. निवाडपत्र सर्वजण जपतात. फेटाळलेला अर्ज व दुकानाची फाटकी कीर्द रद्दींत जाते. मिडलसेक्सच्या दुकानदाराविषयीं आज कांहीं बोलतां येतें, तें त्याचे असले कागद राहिले म्हणूनच.