‘आउट ऑफ आफ्रिका’ : एक अर्थपूर्ण मौन
डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सेन हिचा घटस्फोट १९२५ साली झाला. तरी केनियातील कॉफीचा मळा १९३१ पर्यंत तिनेच चालविला. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मपर ग्रंथात पतीचा उल्लेख जवळजवळ नाही. कोणी यास पलायन म्हणेल. आम्हांस हा संयम वाटतो. दुःख उगाळीत न बसता ती पाऊस, पीक आणि मळ्यावरील किकुयू कुटुंबे यांविषयी लिहिते. ती भूमी मुळात त्यांचीच, हे ती जाणते. तरी मालकिणीचा सूर सुटत नाही, हे ग्रंथाचे वैगुण्य होय. तथापि मळा विकला गेल्यावर त्या कुटुंबांची ताटातूट होऊ नये म्हणून तिने सरकारदरबारी घातलेले खेटे अवश्य वाचावेत. स्वतःचा संसार मोडल्यावरही दुसऱ्यांचे संसार राखण्याची ही तळमळच तिच्या मौनाचा अर्थ सांगते.